'जर्दा', दाराच्या आवाजासकट

मी, श्रीमती बेबी गोपाळ बेनाडीकर, वय पासष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार कॅम्प, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मन मात्र किळसलेले आहे. किळसेमुळे मृत्युपत्र रद्द होत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे. मराठीत का लिहिले, ते पुढे कळेल.

१. राहते घर, बँकेतील ठेव आणि माझ्या बांगड्या माझी एकुलती मुलगी अदिती हिला द्याव्यात. मागचे चिकूचे झाड तिला तोडायचेच असेल तर माझ्यामागे तोडावे.

२. माझे पती कै. गोपाळ यांची गिटारही अदितीचीच. गिटारची तुटलेली खुंटी दुरुस्त करू नये. कॅम्पातल्या बँडने "तुझ्या इंग्रजीला निपाणीचा वास येतो" म्हणून त्यांना काढले, त्या दिवशी ती तुटली. त्यानंतरच त्यांनी एकट्याच्या नावाने पहिली रेकॉर्ड काढली आणि तिचे नाव मुद्दाम 'जर्दा' ठेवले.

३. ही रेकॉर्ड १९८७ साली निपाणीतल्या एका रिकाम्या तंबाखूच्या वखारीत झाली. सासूबाईंनी आयुष्यभर तिथेच तंबाखू निवडली होती. गाणे आणि गिटार गोपाळांचे, ड्रम काकतीच्या भावकू काकतकरांचे. इंग्रजी शब्द तपासायचे आणि चहा करायचा, ही माझी कामे. वखारीच्या भिंतींत तंबाखू इतकी मुरली होती की पहिल्याच ठोक्याला धूळ उडून सगळे शिंकायचे. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्याआधी मी किटली घेऊन आत आले आणि दार किंचाळले. टेप चालू होती. त्यात गोपाळ म्हणतात, "बेबी, दार लाव गं." मग भावकूंची शिंक. मग गोपाळांचे हसणे आणि "भावकू, हाण रं!" त्यावर ड्रम सुरू होतात. हे कापू या, असे मी तेव्हा म्हणाले होते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. वखार हाय ही."

हेवी मेटल ऐकणारी पोरे ही रेकॉर्ड आजही शोधत असतात. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी एकदाच ऐकली आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. गोपाळ २००९ साली गेले. त्यांचे फोटो पुष्कळ आहेत. पण बोलतानाचा आवाज उरला आहे तो एवढ्या दोन वाक्यांत.

४. माझे दीर नागेंद्र, राहणार टिळकवाडी, दोन वर्षांपूर्वी स्टँपपेपर घेऊन आले. रेकॉर्ड नव्याने, रिमास्टर करून काढायची, असे म्हणाले. मजकूर कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येते, बाजारात भांडताही येते. वाचता येत नाही. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, आणि या गावात आयुष्य काढूनही कन्नड अक्षरांची ओळख नाही, हे दिरासमोर कबूल करायची मला लाज वाटली. मी चष्मा लावला, ओळींवरून बोट फिरवले, पानही उलटले.

"वैनी, नीट वाचलासा न्हवं?"

"हो, वाचलं," मी म्हणाले आणि सही केली.

न समजता 'येस मिस' म्हणू नका, असे मी तीस वर्षे मुलींना शिकवले. त्या कागदाने पाच वर्षांसाठी हवे ते बदल करण्याची परवानगी मी दिली आहे, हे अदितीने नंतर वाचून घेतले तेव्हा कळले.

५. नवी रेकॉर्ड आली. नारिंगी तबकडी, वर कवटी. आमच्या रेकॉर्डवर तंबाखूचे पान होते. मी नवी रेकॉर्ड न ऐकताच कौतुकाने भावकूंना पाठवली, ही माझी दुसरी चूक. ते चौथ्या दिवशी आले आणि पायरीवरच बसले.

"वैनी, ह्यात मी न्हाय."

"म्हणजे?"

"ड्रम हाय. पण त्यो माझा हात न्हाय."

मग मी ऐकली. ड्रम यंत्राचे. वखारीचा घुमारा पुसलेला. दार नाही, शिंक नाही, 'बेबी' नाही. कव्हरच्या मागे भावकूंचे नावही नाही. नागेंद्रना फोन केला तर म्हणाले, "कचरा काढलाय वैनी. आणि भावकूचा ठोका हलतोय, मशीनवर बसत न्हाय." मला किळस आली. त्यांच्याइतकीच माझ्या सहीचीही.

६. म्हणून मूळ टेपची दोन्ही स्पूल, ती वाजवायचे मशीन आणि 'जर्दा'वरचे माझे उरलेले सर्व हक्क मी भावकू काकतकर यांना देत आहे. नागेंद्रांची मुदत २०२८ साली संपते. ती कोणीही वाढवू नये. त्यानंतर रेकॉर्ड पुन्हा काढायची असेल तर याच टेपवरून काढावी. दार, शिंक आणि भावकूंचे नाव यांसह. हे जमत नसेल तर काढू नये. स्पूल कपाटात खालच्या कप्प्यात, बिस्किटाच्या डब्यात आहेत.

७. नागेंद्रना त्यांची नारिंगी तबकडी परत द्यावी. माझ्या दहाव्याला त्यांनी जरूर यावे, जेवावे. भाषण करू नये.

८. हे मृत्युपत्र साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आहे. समजले का, असे दोनदा विचारले. शेजारचे मारुतीराव म्हणाले, "बाई, समजलं. पण त्या डब्यात हाय तरी काय एवढं?" म्हणून शेवटचे गाणे मशीनवर लावले. ज्यांना काही मिळणार त्यांनी सह्यांच्या वेळी खोलीत नसावे, असे वकिलांचे म्हणणे, म्हणून भावकू बाहेर व्हरांड्यात बसले होते. दार किंचाळले. गोपाळांचे मला दार लावायला सांगून झाले. शिंक झाली. "भावकू, हाण रं!"

"व्हय अण्णा!" बाहेरून उत्तर आले, आणि खुर्चीच्या हातावर ठोका पडला. टेपमधल्या ठोक्याच्या जरासा मागे.

मी उठून दार उघडले. आता सही करते.

बेबी गोपाळ बेनाडीकर

साक्षीदार:
१. मारुतीराव किणेकर, शेजारी, कॅम्प
२. दिपाली सांबरेकर, शिक्षिका, टिळकवाडी

बेळगाव, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५