माझ्या नावापुढे लिहिलेला शब्द

मी, शालन विश्राम पाटणकर, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय शिवणकाम, राहणार डोंबिवली पूर्व. माझी बुद्धी जागेवर आहे. सुईत दोरा अजून मीच ओवते. कोणीही सांगितले नसताना, स्वखुशीने हे मृत्युपत्र करते. याआधी केलेले नाही.

१. राहते घर आणि शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या संचिता भोईर हिला. दहा वर्षे आम्ही दोघी मिळून ब्लाउज शिवतो. माझ्या आजारपणात तीच उशाशी होती. तिचे नाव कुठल्याही वंशावळीत माझ्याखाली येणार नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिले.

२. कळव्याच्या वडिलोपार्जित खोलीतला माझा हिस्सा भाचा सौमित्र याला. त्याचे वडील, माझा थोरला भाऊ त्र्यंबक, याला काही नाही. माझी एकुलती मुलगी नीरजा एकोणीस वर्षांची असताना काविळीने गेली. तिच्या तेराव्याला तो म्हणाला होता, "तुझ्यामागे आता कोण आहे? हक्क सोडून मोकळी हो." मी सोडला नाही.

३. गेल्या मार्गशीर्षात सौमित्र वारसनोंदीसाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र घेऊन आला. माझ्या नावापुढे छापले होते: निर्वंश.

"अरे, आणि नीरजा?"

"आत्या, पुढे वारस नसला की असंच टाकतात. सरकारी शब्द आहे गं."

आमच्या चाळीत नळावर भांडणाऱ्या बायका हाच शब्द शाप म्हणून द्यायच्या. तो मी स्टॅम्पपेपरवर वाचला आणि सही केली. त्याला ऑफिसला उशीर होत होता. त्या सहीचे मला अजून वाईट वाटते.

निर्वंश म्हणजे जिच्यामागे कोणी उरले नाही ती. तेवढे खरे आहे. पण वाचणाऱ्याला वाटेल, कोणी झालेच नव्हते. मला मूल झाले होते. ती डावखुरी होती, माझी कात्री तिला चालत नसे.

४. म्हणून पुढे आमची वंशावळ जो कोणी लिहील, त्याने तो शब्द गाळून माझ्याखाली लिहावे: कन्या नीरजा, मयत. हिश्शाला ही अट नाही, विनंती आहे.

कच्चा मसुदा काल सौमित्रला वाचून दाखवला. नीरजाला खांदा दिला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. ऐकून झाल्यावर तो खिशातून पेन काढून म्हणाला, "आत्या, तिची जन्मतारीख सांग."

सांगितली. तीन फेब्रुवारी एकोणीसशे ऐंशी, पहाटे. सव्वीस वर्षांत ती कोणी विचारली नव्हती.

सही: शालन विश्राम पाटणकर

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली, आणि आम्हीही शालन पाटणकर यांच्यासमोर सह्या केल्या:
१. मंदाकिनी केळकर, निवृत्त शिक्षिका
२. राजरत्न जाधव, शेजारी

डोंबिवली पूर्व, १५ मार्च २०२६