वायर नसलेलं कार्ड

अहो,

"आई, हे दुसरं कार्ड जपून ठेव, मागेन तेव्हा घेऊन ये," असं घर सोडताना तुमचा लेक मला म्हणाला होता. त्याच्या कॉम्प्युटरमधल्या या कार्डाला स्क्रीनची वायर नाही म्हणून ते बिनकामाचं समजून तुम्ही उपटून काढलंत. अहो, पहिलं कार्ड चित्र दाखवायचं आणि हे गेममधला धूर, पाणी, पडझड खरी वाटावी म्हणून आतल्या आत राबायचं. तेवढ्यावरून तो घर सोडून गेला आणि तुम्हा बापलेकांचा आठ महिने अबोला!

काल त्याने ते मागितलं. माझं सकाळचं मौन आहे, म्हणून लिहून ठेवते. चहा थर्मासमध्ये आहे. त्याला बघायला माझा जीव तुटतो. तुम्हीही त्याची खुर्ची रोज पुसता, मला दिसतं. कार्ड मऊ फडक्यात गुंडाळून घेतलंय. नऊच्या बसने त्याच्याकडे निघते. थांब्यावर तुमची वाट बघेन.