कुरडयांवरून आलेला बॉल

बदलापूर (पूर्व),
५ मे

तीर्थस्वरूप विष्णुपंतदादांच्या चरणी हेमचंद्रचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सध्या पाचच कामात आहेत. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजलेत आणि उजवा गुडघा एकदा वाकला की सरळ व्हायला बराच विचार करतो. तरी नमस्कार आठही अंगांचा समजावा.) तुमची शुगर आणि वहिनींची कंबर ताळ्यावर असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सर्व ठीक. यज्ञेशच्या लेकीच्या बारशाची पत्रिका मिळाली. रविवार, १८ मे, सकाळी अकरा. यज्ञेशला सख्खी बहीण नाही, तेव्हा त्याची आत्या म्हणून नाव ठेवायचा मान कुंदाचाच, तिने आदल्या दिवशीच रोह्याला पोचावं, हे तुम्ही खाली लाल शाईने लिहिलंत तेही वाचलं. त्याच संदर्भात हे पत्र आहे, पण मुद्द्यावर यायला जरा वेळ लागेल. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'बरोबर आहे दादा' म्हणतो, असं सव्वीस वर्षं चाललंय. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

तर झालं असं, की आनंदनगरच्या आमच्या कारखान्याला यंदा पंचवीस वर्षं झाली. त्यानिमित्त ऑफिसर्स विरुद्ध प्रॉडक्शन असा व्हॉलीबॉलचा सामना ठरला. आमचे प्लांट हेड धर्मराजसाहेब यांनी संघ निवडला तो सरळ ज्येष्ठतेच्या यादीवरून, त्यामुळे क्वालिटी विभागातून मी आपोआप लागलो. मागच्या रांगेत उभं राहून समोरून आलेला बॉल दोन्ही हात जुळवून कोपराखालच्या सपाट भागावर घ्यायचा आणि जाळीजवळच्या गड्याला अलगद उडवून द्यायचा, याला अंडरहँड पास म्हणतात आणि तो माझ्याकडे आला. तुम्ही मला ओळखता. पहिल्या सरावात मी घेतलेले दहा बॉल कुठे कुठे गेले याची मी नोंद ठेवली. चार कम्पाउंडबाहेर, दोन सिक्युरिटीच्या केबिनवर, एक साहेबांच्या गाडीवर, दोन माझ्या मागे (हे कसं जमलं ते अजून कळलेलं नाही) आणि एक माझ्याच नाकावर.

आता माणूस क्वालिटीचा असला की त्याला प्रत्येक दोषाचं मूळ कागदावर सापडतं असं वाटतं. मी रीतसर कार्यपद्धती लिहिली, क्रमांक व्ही-०१, सुधारणा शून्य, सोबत आकृती. कारखान्यातून कोनमापक घरी आणला, हात जमिनीशी पंचेचाळीस अंशांत धरून आरशासमोर उभा राहिलो, बरोबर पंचेचाळीस आल्यावर तसाच चालत गच्चीवर गेलो आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर बॉल मारून परत येणारा घ्यायला लागलो. चार दिवसांत कोन सुधारला, बॉल सुधारला नाही.

पाचव्या दिवशी, म्हणजे एका शनिवारी सकाळी, कुंदा गच्चीवर कुरडया घालत होती. गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यात भरलेला, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलेलं आणि त्यावर ओल्या कुरडयांच्या पाच-सहा रांगा. तिने मला दुसऱ्या टोकाला जायला सांगितलं होतं. मी गेलोही होतो. पण माझ्या हाताला लागलेल्या बॉलला टोक वगैरे कळत नाही. तो पंचेचाळीस अंशांतून निघाला आणि सरळ कुरडयांच्या दिशेने गेला. दादा, माझं आयुष्य डोळ्यांसमोरून गेलं. त्या कुरडयांसाठी ती पहाटेपासून उभी होती.

पुढचं मी जसं पाहिलं तसं लिहितो, एक शब्द वाढवत नाही. कुंदा वाकलेली होती, दोन्ही पंजे मनगटापर्यंत चिकाने भरलेले. तिने मान वर केली आणि आधी तिचे पाय निघाले. कुरडयांच्या दोन रांगांमधून तिरकी दोन पावलं, एकाही कुरडईला धक्का न लावता, साडीत! मग गुडघे वाकले, हात पुढे आले, जुळले आणि तिथेच थांबले. तिने बॉलला मारलं नाही. बॉल तिच्या हातांवर आला आणि तिथून वर निघाला, इतका संथ, इतका न फिरता, की त्याच्यावर छापलेली अक्षरं मला वाचता येत होती. तो वर गेला, क्षणभर तिथे टेकल्यासारखा झाला आणि माझ्या पोटाशी अलगद उतरला. मला हात हलवावा लागला नाही. आणि कुंदा? ती परत वाकून सोऱ्या दाबायला लागली होती. मी बराच वेळ बॉल पोटाशी धरून उभा होतो. सव्वीस वर्षं ज्या हातचं जेवलो, ते हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

विचारलं तर म्हणाली, कॉलेजात खेळायचे थोडं. 'थोडं' हा शब्द ती मिठाच्या बाबतीत वापरते तसाच वापरला, त्यामुळे मीही पुढे काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिने मला शिकवायला घेतलं. व्ही-०१ वाचून तिने ती घडी करून सोऱ्याच्या डब्याखाली ठेवली, डबा डगमगत होता. मग माझ्या जुळवलेल्या हातांवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरला आणि तो न पाडता गच्चीची चक्कर मारायला लावली. (कागद सहज राहतो असं वाटेल. करून पाहा, पण वहिनी घरात नसताना.) मग पाट न ठेवता पाटावर बसल्यासारखं अर्धवट बसायचं आणि तसंच डावीकडे उजवीकडे सरकायचं. माझी सवय हात उगारायची. ती म्हणाली, हात नुसते दाखवायचे, काम पायांनी करायचं, बॉल कुठे पडणार ते ओळखून त्याच्या आधी तिथे जाऊन बसायचं. ती हे सगळं कमरेवर हात ठेवून, न ओरडता सांगायची. तिच्या प्रत्येक सूचनेबरोबर माझ्यातल्या साहेबाची एकेक गुंडी सुटत होती. दहा दिवसांत माझे दहातले चार पास माणसांकडे जायला लागले.

सामना महाराष्ट्र दिनाला झाला. प्रॉडक्शनकडून प्रीतम म्हणून मोरिवलीचा पोरगा सर्व्हिस करत होता, त्याची सर्व्हिस दिसायची नाही, फक्त ऐकू यायची. तरी आम्ही हरलो ते त्याच्यामुळे नाही, शिस्तीमुळे. बॉल आला की आम्ही पाचही जण धर्मराजसाहेबांकडे पाहायचो, कारण साहेबांच्या आसपासचा बॉल साहेबांना न विचारता घ्यायचा कसा? आणि साहेब आमच्याकडे पाहायचे, कारण त्यांच्यापर्यंत वस्तू तयार होऊनच यायची इतक्या वर्षांची सवय. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, अत्यंत आदराने, बॉल मध्ये पडायचा. अकरा गुण असे गेले. बारावा येत होता आणि दोनशे माणसांमधून कुंदा उठून ओरडली, "अहो, तुमचा!" सहाही ऑफिसर दचकले, कारण प्रत्येक जण कुणाचा तरी अहो आहे. पण मला आवाज ओळखीचा होता. पाय निघाले, मी साहेबांच्या पुढ्यात जाऊन बसलो, हात दाखवले, आणि बॉल जाळीजवळ असा उतरला की आमचा अकाउंट्सवाला त्याच्याकडे नुसता बघतच राहिला. अर्थात तो जमिनीवर पडला आणि गुण गेलाच. आम्ही पंचवीस-सहा हरलो. पण तो पास चांगला होता, दादा. कुंदाने मान हलवली.

खरी गोष्ट पुढे आहे. आमच्या कारखान्याला पाण्याचे जार मोरिवलीच्या चिमीताई पुरवतात. त्यांचा टेम्पो गेटशी उभा होता. कुंदाची हाक ऐकून त्या जार तसाच टाकून धावत आल्या. "कुंदे! तूच ना गो? आवाज आयकला न म्हनलं, ही आमची कुंदाच!" मग चिमीताईंनी पडलेला बॉल उचलला, दहा पावलं मागे गेल्या आणि जोरात कुंदावर हाणला. कुंदाच्या खांद्याला पर्स होती. तिने तो घेतला. त्यांनी परत हाणला. कारखान्यातली पोरं वडापाव हातात धरून थांबली, प्रीतम मैदानाच्या कडेला मांडी घालूनच बसला. मी सवयीने मोजत होतो. त्रेपन्न. त्रेपन्न वेळा बॉल आला आणि त्रेपन्न वेळा चिमीताईंच्या हातात परत गेला, त्यांना एक पाऊल हलवावं लागलं नाही.

मग चिमीताईंकडून कळलं. दोघी अंबरनाथच्या कॉलेजात एका संघात होत्या. जिल्ह्याच्या संघात दोघींची निवड झाली, सांगलीला राज्य स्पर्धा होती. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी बस निघाली. कुंदासाठी ती अर्धा तास थांबवून ठेवली, कुंदा आलीच नाही. "तू नव्हतीस न आमी पयल्याच म्याचमदी घरी," असं चिमीताई हसत म्हणाल्या. दादा, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी तुमच्या अंबरनाथच्या दिवाणखान्यात आईवडिलांसह बसलो होतो. तुम्ही सांगितलंत की मुलीला भरतकामाची आवड आहे आणि मोरांचा टेबलक्लॉथ दाखवलात. (तो शेजारच्या तेजलचा होता, हे मला लग्नानंतर आठव्या वर्षी कळलं. सव्वीस वर्षांत कुंदाने सुई हातात धरली ती बटणापुरती.) ती पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून आली होती. माझी आई म्हणाली, किती शालीन मुलगी. त्या बाह्यांखाली काय होतं ते आज माझ्या हातांकडे पाहून कळतं, लालनिळं. आणि मी काय केलं? दुसऱ्यांदा पोहे मागितले.

तुम्हाला बोल लावत नाही. बाबा गेल्यावर घर तुमच्यावर होतं आणि स्थळ तुम्हाला चांगलं वाटलं. रिक्षात मी तिला म्हटलं, सांगितलं का नाहीस कधी? तर म्हणाली, त्यात सांगण्यासारखं काय, पाहुणे येणार होते. आणि आता ऐका. बदलापूर गावात चाळिशीवरच्या बायकांच्या व्हॉलीबॉल स्पर्धा आहेत, मोरिवलीच्या संघात मागच्या रांगेला बाई नाही, चिमीताई तिचा हात सोडायला तयार नव्हत्या. तारीख १८ मे. कुंदा एक क्षणही न थांबता म्हणाली, नाही गं, दादाकडे बारसं आहे. आवाजात काहीच नव्हतं, तक्रार नाही, हळहळ नाही. माझा सामना होऊन चार दिवस झाले, तरी ती रोज सकाळी मला सरावाला गच्चीवर नेते आहे. सराव कशाचा ते मी विचारलेलं नाही.

असो. पत्र फार लांबलं. वहिनींना नमस्कार, यज्ञेशला आणि सूनबाईंना आशीर्वाद, नाव नसलेल्या छोटीला पापा.

तुमचा,
हेमचंद्र

ता. क. : बारसं २५ मेला घ्यावं ही विनंती. हॉल मिळत नसेल तर आमच्याकडे करा, कुरडया भरपूर आहेत. छोटीला नाव एक आठवडा उशिरा मिळालं तरी ती रडणार नाही. (रडेलच, पण त्या कारणाने नाही.)

ता. क. २ : वरचं लिहून पाकीट चिकटवलं आणि परत फोडलं. एक तारीख तुम्ही ठरवली, दुसरी मी. म्हणजे आपण दोघं पुन्हा दिवाणखान्यात बसलो आहोत आणि ती आत आहे. तेव्हा पहिलं ता. क. रद्द समजावं, बारशाचं काय ते मागाहून पाहू. तुम्ही फक्त तिला एक फोन करा आणि विचारा, "कुंदे, त्या रविवारी तुला कुठे जायचंय?" मी विचारलं तर 'दादाला काय वाटेल' म्हणून मोकळी होईल, म्हणून तुम्हीच. ती लगेच काही बोलणार नाही. लाइन गेली असं वाटेल, पण गेलेली नसेल. फोन ठेवू नका, दादा.