अवेळी तांबूस लार्च

७ जुलै
समोरचा अख्खा डोंगर तांबूस! अळ्या काही कळवून येत नाहीत. आठ-नऊ वर्षांनी या पतंगाचं बाळंतपण येतं आणि ते लार्चच्या सूचिपर्णी झाडांच्याच माथी. सुया कुरतडून पोरं धाग्यांना लोंबकळताहेत. हॉटेलवाले हवालदिल — पाहुण्यांना वाटतं जंगल जळालं. मी वर्तमानपत्रातल्या सदरात लिहून टाकलं : आल्प्समधल्या एंगाडिनच्या खोऱ्यात यंदा शरद सवलतीत. लोक हसले म्हणे.

८ जुलै
विनोद अंगाशी आला. आई सकाळीच उंबरठा धुऊन बसली. मोठ्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडायला लावल्या. शरदात लार्च रंग बदलतात तेव्हा मेंढ्या कुरणावरून उतरतात, मेंढ्यांमागे बाबा. या दारातून, घरातूनच, कळप मागच्या गोठ्यात जायचा. आता गोठ्यात माझी गाडी असते आणि बाबा चर्चमागच्या मातीत. आईला हल्ली हे आठवत नाही. लार्च मात्र आठवतात.

१२ जुलै
आई जेवत नाही. उतरणीच्या दिवशी बाबा आल्याशिवाय जवाचं सूप तोंडाला लावायचं नाही, हा तिचा जुना नेम. तेव्हा तो एका दिवसाचा होता. रोज बाबांचा वाडगा मांडते. चमचा पुढे केला तर बाबांचं नाव घेऊन म्हणते, "बालसेर उपाशी चालत येतोय, आणि मी आधी गिळू?"
दुधात बुडवलेला पाव, तोही दोन घास.

१५ जुलै
शेजारची मेंगिया म्हणाली, खरं काय ते सांगून टाक, लोकांना टोचायला बरी चालते तुझी जीभ. सांगितलं. आई नव्याने विधवा झाली. तासाभराने डोळे पुसून म्हणाली, "दार उघडं आहे ना?"
पुन्हा सांगणार नाही.

२६ जुलै
तिची अंगठी बोटातून गळली. दोरा गुंडाळून बसवली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. ही बातमी मला आधीच होती.

३ ऑगस्ट
सदर पाठवलं नाही. दारात तिच्याशेजारी बसून राहिलो. डोंगरावर आता करडे पतंग उडताहेत. खाऊन-पिऊन मोठे झालेले.

१४ ऑगस्ट
लार्चना नव्या सुया फुटल्या — पोपटी, वसंतात मेंढ्या वर जायच्या वेळी असतात तशा. आई बराच वेळ डोंगराकडे बघत होती. मग माझ्याकडे.
"परत का आलास, बालसेर? वर मेंढ्या कोण बघतंय?"
मी म्हणालो, "तुला सांगून जायचं राहिलं होतं."
तिने बाबांचा वाडगा माझ्यापुढे सरकवला, आणि स्वतःचा चमचा उचलला.