दानपेटीची दुसरी किल्ली

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या रागाला मी आता घाबरू नये, असं तर्कशास्त्र सांगतं. तर्कशास्त्र तुम्हीच शिकवलंत, म्हणून त्याच्यावर फारसा भरवसा नाही. अक्षर वाईट आलं तर वयामुळे समजा.

आपल्या अमरावतीच्या देवळातली मोजणी आठवते? महिन्यातून एकदा दानपेटी सतरंजीवर ओतायची आणि आम्ही पाठशाळेतल्या मुलांनी उघड्या अंगानं, सोवळं नेसून पैसे मोजायचे. लोकांना वाटे, काय ही निष्ठा! खरं कारण तुम्ही आम्हालाच सांगितलं होतं. शिकवताना तुम्ही शुद्ध बोलायचे, रागावताना वऱ्हाडी. "तुमच्यावर माहा विश्वास हाय रे, पन खिशाले कोन ओळखते?" सोवळ्याला खिसा नसतो. मोजणी संपली की सगळ्यांत आधी तुम्ही स्वतःचं उपरणं झटकून दाखवायचे. एकदा मी उठतोय, तर तुमचा आवाज येतो, "थांब. पाय दाखव." माझ्या घामेजल्या तळव्याला रुपयाचं नाणं चिकटलेलं. मी रडायच्या बेतात, आणि तुम्ही म्हणता, "चोरी पायानं केली, मालकाले पत्ताच नाही!" सगळे हसले. घरी जाईपर्यंत मी दर दहा पावलांना तळवा उलटून पाहत होतो.

आता मोजणी पँट-शर्टात होते. सोवळं गैरसोयीचं, असं विश्वस्तांच्या बैठकीत ठरलं तेव्हा विश्वस्त म्हणून मीही मान हलवली. पेटीची दोन कुलपं मात्र तुमच्या वेळचीच आहेत. एक किल्ली खजिनदाराची, दुसरी माझी, तुम्ही बांधलेल्या लाल दोऱ्यासकट. खजिनदार म्हणजे तुमचा मुलगा.

बुधवारी एका लग्नासाठी अकोल्याहून आलो होतो. दुपारी देऊळ बंद असतं हे विसरून दर्शनाला गेलो, आणि सवयीनं पाठशाळेकडच्या दारातून आत शिरलो. पेटी उघडी. तुमचा मुलगा एकटाच बसलेला, नोटांची चळत शर्टाच्या आत खुपसतोय. तो दचकेल असं वाटलं होतं. दचकलो मी.

"ये ना," तो म्हणाला, "पंगत सोडून आला काय?"

"हे काय चाललंय?"

"दिसते ना." त्यानं सावकाश दोन्ही कुलपं लावली आणि लाल दोरा बोटाला गुंडाळला. "कोनाले सांगशीन? किल्ली त तूच देल्ली. आता काहून घाबरून राहिला बे?"

मीच दिली, गुरुजी. दर महिन्याला पहाटेची एसटी धरायचा कंटाळा. शिवाय तुमच्या मुलावर संशय घ्यायचा म्हणजे तुमचंच उपरणं झटकायला सांगितल्यासारखं. वर्षभर मोजणीच्या कागदांवर माझी सही आहे आणि मोजणीला मी नाही. सह्या मी कोऱ्या कागदांवर आधीच करून ठेवल्या होत्या. मी एक पैसा घेतला नाही, हे मला माहीत आहे. पोलिसांना कुठून माहीत असणार? काल अकोल्याला माझ्या वर्गात ‘अस्तेय म्हणजे चोरी न करणे’ असं शिकवत होतो. मुलं निमूट उतरवून घेत होती आणि माझं लक्ष दाराकडे. शिपाई आत आला तर खडूच हातातून पडला. तो बिचारा हजेरीचं पुस्तक न्यायला आला होता.

रविवारी बैठक आहे. अध्यक्षांना द्यायचं पत्र लिहून झालंय. त्यात बुधवारची दुपार आहे, शर्टातल्या नोटा आहेत, मोजणी पुन्हा सोवळ्यात व्हावी ही विनंतीसुद्धा आहे. भाषा अशी नेटकी की तुम्हीही एखाद्या ठिकाणीच खोडलं असतं.

हे पत्र कपाटात राहील, ते रविवारी जाईल. जाईलच. मघाशी ते पुन्हा वाचलं आणि तुमचा आवाज आला, "पाय दाखव." त्या पत्रात सगळं आहे, गुरुजी. दुसरी किल्ली त्याला कुणी दिली, तेवढं सोडून.