अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांखालील घराची निरवानिरव

मी, मेंग ओक-बुन, कै. गु मान-सु यांची पत्नी, राहणार दोलगोल, दक्षिण चुंगचॉंग प्रांत, हे मृत्युपत्र स्वहस्ते, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. धाकटे दीर मान-होंग यांना त्याबद्दल शंका आहे, पण ती मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची आहे. फुप्फुसे मात्र ठिकाणावर नाहीत. गावामागच्या खाणीतून अ‍ॅस्बेस्टॉस निघे. यजमान तिथे कामाला होते आणि त्यांचे कपडे मी अंगणात झटकत असे. ते खोकून खोकून गेले. मी त्याच वाटेवर आहे, पण सावकाश.

कलम १. राहते घर मुलगी मि-रान हिला. अट अशी, की छपरावरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे जाणकारांकडून पाणी मारून उतरवून घ्यावेत. मान-होंग भाऊजींनी हातोडा घेऊन वर चढू नये. मागे ते खुराड्यावर चढले ते थेट कोंबड्यांत उतरले. खुराडे त्यांनाच द्यावे. ओळख झालेलीच आहे.

कलम २. शेजारी बांग छिल-सोंग यांना माझा लोखंडी तवा. हे गृहस्थ पत्र्याच्या तुकड्यावर डुकराचे मांस भाजत. मी म्हटले, "भाऊजी, विष आहे ते." तर म्हणाले, "वहिनी, पन्हाळीतून चरबी कशी झकास निथळते बघा. तव्याला जमेल का?" पुढे त्यांनाही धाप लागली. आता ते पत्रे हटवण्यासाठीच्या आमच्या मोर्चात सगळ्यांत पुढे असतात, कारण मागे पडले तर पोहोचतच नाहीत.

कलम ३. नागमोडी लाकडी साचा हे मोर्चे काढणाऱ्या आमच्या मंडळाला. त्याची हकीकत लिहिणे भाग आहे. आमचे मागणे एवढेच, की पत्रे सरकारने आपल्या खर्चाने उतरवावेत, गोठ्या-खुराड्यांसकट. खाणीजवळ राहून आजारी पडलेल्यालाही खाणकामगाराइतकीच मदत मिळावी, आणि हे कायद्यात लिहावे. राजधानीत कायदा करणाऱ्या समितीपुढच्या सुनावणीत एक साहेब म्हणाले, "आजी, पत्रा फुटला नाही तर धोका नसतो."

मी कापडात गुंडाळलेला पत्रा त्यांच्यापुढे ठेवला. "हा फुटलेला नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांभाळा."

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. अध्यक्ष एका दाराने गेले, बाकीचे दुसऱ्याने. छिल-सोंग भाऊजींनी कापड सोडले, तर आत त्या साच्यातून काढलेली, पत्र्यासारखी नागमोडी, काळ्या तिळाची तांदळाची वडी. आम्ही ती तिथेच बसून खाल्ली. पहारेकऱ्यानेही हात पुढे केला.

साहेब परतले ते घुश्श्यातच. "आजी, ही थट्टा बरी नव्हे."

"टेबलावरची थट्टाच आहे, साहेब. आमच्या डोक्यावरचा पत्रा खरा आहे."

त्यांनी वडीचा उरलेला तुकडा उचलला आणि हवा तो बदल पुन्हा सांगा म्हणाले. त्या दिवशी मसुद्यात गोठे आले, खुराडी आली. आजारी शेजारी अजून यायचे आहेत. (साचा सुताराकडून करवला आहे. वडी पत्र्यावर थापलेली नाही, हे शपथेवर लिहिते.)

कलम ४. बँकेतली शिल्लक मंडळाच्या बसभाड्याला. दिरांनी तिच्याकडे पाहून उसासे टाकू नयेत. ज्याला उसासा टाकता येतो, त्याची फुप्फुसे चांगली आहेत.

कलम ५. माझी फुप्फुसे रुग्णालयाने तपासावीत आणि लेखी अहवाल द्यावा. मी खाणीत कधी उतरले नाही, फक्त कपडे झटकले. मि-रान, रडायचे ते नंतर रड, आधी अहवाल घे आणि समितीपुढे ठेव. हे वाचून ती म्हणाली, "आई, मृत्युपत्रात कोणी असं लिहितं का?" मी म्हटले, "मग कुठे लिहू? कायद्यात जागा नाही अजून."

कलम ६. पुढची सुनावणी शरदात आहे. मी तिच्या आदल्या दिवशी गेले, तर अंत्यविधी पुढे ढकलावा, सुनावणी नव्हे.

ठिकाण: दोलगोल. दिनांक: ९ मे २०१९.
मेंग ओक-बुन (शिक्का)

साक्षीदार: १. ओम बोक-हुई, २. थाक मल-जा.
दोघींच्याही घरांवर हेच पत्रे आहेत. संबंधितांनी घाई करावी.