खाकी कव्हरांची लायब्ररी

प्रिय ताई,

नमस्कार. (‘तीर्थरूप’ लिहिणार होते, पण मागच्या वेळी ‘मला म्हातारी केलीस’ म्हणून तू आठवडाभर फोन उचलला नव्हतास.) गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतेस की अजून तोऱ्यातच चढतेस? भावजींचं घोरणं आणि ‘मी घोरतच नाही’ हे म्हणणं, दोन्ही ठणठणीत असतील. काम असल्याशिवाय मी पत्र लिहीत नाही असं तू सगळ्यांना सांगत असतेस, म्हणून आधीच स्पष्ट करते, या पत्रात काही काम नाही. सहज लिहितेय.

फोनवर अर्धवट राहिलेलं लायब्ररीचं प्रकरण आता नीट ऐक. आमच्या इमारतीत जिन्याखालची खोली रिकामी होती, तिथं मी लायब्ररी काढली. शेजाऱ्यांकडून, कपाटांतून, माळ्यावरच्या ट्रंकेतून एकशे चाळीस पुस्तकं जमली. मधमाश्या, पाणबुड्या, प्रेमकथा, खून आणि त्यानंतर प्रथमोपचार (क्रम बरोबर आहे ना?), काही म्हणून सोडलं नाही. पण इमारतीच्या सेक्रेटरींना ती खोली मोडक्या खुर्च्यांसाठी हवी होती. “महिनाअखेर पंचवीस वाचक दाखवा बाई, नाहीतर पुस्तकं बाहेर आणि खुर्च्या आत!” ज्या खुर्च्यांवर कुणाला बसता येत नाही, त्यांच्यावर या गृहस्थांचा केवढा जीव!

आता आपल्या कॉन्व्हेंटच्या मदर आठव. पुस्तक वाचलंस का, हे त्यांनी कधी विचारलं नाही, पण खाकी कव्हराचे कोपरे मात्र पट्टी लावून बघायच्या. ती शिस्त माझ्या हाडात मुरली आहे. (तुझी कव्हरं मीच घालायचे आणि शाबासकी तू घ्यायचीस, हेही विसरलेले नाही.) तर मी दोन दिवस जमिनीवर फतकल मारून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, वर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या, आणि विकतचा डिंक कशाला म्हणून मैद्याची खळ शिजवली. आमचे ‘हे’ म्हणाले, “झुरळांना आमंत्रण देतेयस.” मी लक्ष दिलं नाही. (लग्नाला अडतीस वर्षं झाली, प्रत्येक वाक्याकडे लक्ष देऊन चालतं का?) तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं, तर झुरळांनी खळीसकट नावंही फस्त केलेली. एकशे चाळीस पुस्तकं सकाळच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलींसारखी, सगळी एकसारखी. कव्हरं काढून का नाही बघितलीस, असं तू विचारशील. हात होईना गं. कोपरे फार सुरेख जमले होते.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. त्यांना पाणबुडीचं पुस्तक हवं होतं. मी घाबरून मदरांचा चेहरा केला आणि म्हटलं, “इथं निवडायचं नाही. हाताला येईल ते न्यायचं आणि पुरतं वाचायचं.” बिचारे प्रेमकथा घेऊन गेले. चार दिवसांनी लाल डोळ्यांनी परत आले, “अजून अशी आहे का हो?” असेल, पण कुठली ते मला तरी कुठं ठाऊक! सेक्रेटरी तपासणीला आले, त्यांच्या हाताला गरोदरपणी घ्यायची काळजी लागली. नियम म्हणजे नियम, त्यांनी वाचलं. मग घरी जाऊन बायकोला तीस वर्षांनी विचारलं, “तुला तेव्हा फार त्रास झाला का गं?” वहिनी अजून सावरलेल्या नाहीत.

तरी महिना संपायला आठ दिवस राहिले, आणि वाचक अकराच. त्या दिवशी डॉक्टरांनी आईसाठी एक पुस्तक नेलं. आजी शहाऐंशी वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या, डॉक्टर त्यांना वाचून दाखवतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच धावत खाली आले, “अहो बाई, हे छापलेलं नाही, हातानं लिहिलंय!”

ताई, आता चष्मा पुसून, बसून वाच. ती तुझी वही होती. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलीची गोष्ट, जी एका परक्या माणसाचा नुसता आवाज ऐकून त्याच्यात गुंतत जाते. तुझ्या लग्नाच्या आधी माझ्या हातात देऊन तू ‘जाळून टाक’ म्हणाली होतीस, आणि ‘जाळली’ असं मी सांगितलं होतं. नव्हती जाळली. एवढी सुंदर गोष्ट जाळायला मी काय वेडी आहे? बेचाळीस वर्षं ट्रंकेत जपली, आणि कव्हरं घालण्याच्या सपाट्यात तीही कपाटात गेली. आता डॉक्टर रोज संध्याकाळी आजींच्या खोलीत मोठ्यानं वाचतात आणि दारापर्यंत माणसं बसतात. (त्याच मोडक्या खुर्च्या वर नेऊन. चक्क बसता येतं!) सगळ्यांनी लायब्ररीत नावं घातली. वाचक एकतीस झाले.

रागावली असशील तर रागाव, पण गुडघ्याला शेक घेत रागाव. भावजींना नमस्कार.

तुझीच,
धाकटी

ता. क. वही ‘तिनं दार उघडलं आणि समोर’ इथं थांबते. तिथंच तुझं लग्न ठरलं. (समोर भावजी उभे होते हे मला ठाऊक आहे, पण वाचकांचं तेवढ्यावर भागणार नाही.) तेव्हा शेवट लिहून पाठव. हो, हेच काम होतं.

ता. क. २. सेक्रेटरींनी ठराव केला आहे, गोष्टीचा शेवट येईपर्यंत खोलीला कुणी हात लावायचा नाही. तेव्हा घाई करू नकोस. चार-पाच वर्षं सहज लागू देत.

ता. क. ३. वही कुणाची ते मी फक्त आजींना सांगितलं. काल त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाल्या, “मला काही तितकं थांबता यायचं नाही गं. बहिणीला म्हणावं, माझ्यापुरतं सांग. मी कुण्णाला बोलणार नाही.” तेवढं एक पान वेगळ्या पाकिटात आजच टाक. कव्हर मी घालते, नेहमीसारखं.